दोन खोल्या, एक टेबल

"जेवण खोलीत आणून देणार?" आईनं काउंटरवरच्या माणसाला विचारलं.

"हो मॅडम. फोन करायचा फक्त. गरम गरम खोलीत हजर."

"मग बसायचं कुठं?"

"पलंगावर. छोटं स्टूल देतो आम्ही."

आई माझ्याकडे वळली. "दुसरं बघू," म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेरही पडली.

गुहागरच्या किनाऱ्यालगतचं ते नवं हॉटेल मी इंटरनेटवर शोधून, चार जणांना विचारून ठरवलं होतं. खिडकीतून समुद्र दिसत होता, बाथरूम लख्ख होतं, गाद्या जाड होत्या. कराडहून निघून, कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणला गाडी बदलून आम्ही नुकत्याच पोचलो होतो. मला आंघोळ करून आडवं व्हायचं होतं. त्या माणसाची माफी मागून मी आईच्या मागं धावले.

"काय झालं? आवडलं नाही?"

"चांगलं होतं की."

"मग?"

"बघू ना अजून एखादं. घाई काय आहे?"

माझी आई, हेमलता साळुंखे, सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. त्या उन्हाळ्यात ती निवृत्त झाली होती. स्वतःसाठी तिनं कधी काही निवडलेलं मी पाहिलं नव्हतं. साडीच्या दुकानात गेलो तरी ती मला पुढं करायची आणि मी काढून दिलेली साडी मान हलवून घ्यायची. दोन-तीन दिवस समुद्रावर जाऊ या, असं तिनं आपणहून म्हटलं, तेव्हाच मला नवल वाटलं होतं. मी साताऱ्याला एका लॅबमध्ये नोकरीला होते. रजा काढली आणि सगळी व्यवस्था हौसेनं केली. आता तीच आई भर उन्हात, हातात पिशवी घेऊन, मी केलेल्या व्यवस्थेला पाठ दाखवून तुरुतुरु चालली होती.

दुसरं ठिकाण होतं नारळ-सुपारीच्या वाडीतलं. स्वच्छ सारवलेलं अंगण, ओळीनं खोल्या आणि एका बाजूला पत्र्याचा मोठा मांडव. आम्ही पोचलो तेव्हा मांडवात पंगत बसली होती. पुण्या-मुंबईची माणसं उकडीचे मोदक चापत होती. वाढपी हातात भांडी घेऊन पळत होते आणि पुढच्या पंगतीची माणसं दोरीपलीकडे ताटकळत उभी होती.

मालक अगत्याचे होते. "राहा, राहा. जेवण आमचं नावाजलेलं आहे. फक्त वेळेवर यायचं. एक पंगत उठली की लगेच दुसरी."

आई थोडा वेळ त्या पंगतीकडे बघत राहिली. मग हलकेच मला म्हणाली, "इथं कुणी कुणाशी बोलत नाहीये बघ."

"आई, आपल्याला कुणाशी बोलायचंय इथं?"

तिनं मालकांना नमस्कार केला आणि निघाली.

मला आता राग यायला लागला होता. पण आईवर रागवायची सवय नसल्यामुळं तो कसा दाखवायचा ते कळेना. मी मुकाट्यानं मागून चालत राहिले. रस्त्यात तिनं एका फुलंवालीला थांबवून विचारलं, "घरगुती राहायला कुठं मिळेल? गर्दी नको."

फुलंवालीनं सुरूच्या बनाच्या कडेचं एक घर दाखवलं.

घर आरेकर मावशींचं होतं. कौलारू, बसकं. दाराशी पाटीसुद्धा नव्हती. मावशी पडवीत बसून कोकमं निवडत होत्या. साठीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. मुलं मुंबईला, नवरा नाही. मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या होत्या, त्या पाहुण्यांना द्यायच्या. खोल्यांत एकेक लोखंडी खाट, खाली अंथरायला गादी, एक पंखा, भिंतीला खुंट्या. समुद्र दिसत नव्हता, ऐकू मात्र येत होता.

"आणि जेवण?" आईनं विचारलं.

"माझ्याकडंच. या, दाखवते."

मागच्या पडवीत एक लांब लाकडी टेबल होतं, दोन्ही बाजूंना बाकं. वर जुनं मेणकापड. एका बाजूनं स्वयंपाकघराचं दार, दुसऱ्या बाजूनं वाडी.

"इथंच बसायचं सगळ्यांनी. मीपण तुमच्याबरोबरच बसते. एकटीनं मागाहून जेवायला मला नाही आवडत," मावशी म्हणाल्या. "काही घाई नसते. जेवण झालं तरी माणसं बसून असतात गप्पा मारत."

आई बाकावर बसली. मग उठून समोरच्या बाकावर जाऊन बसली. तिथून तिनं माझ्याकडं पाहिलं, टेबलावरून हात फिरवला.

"हेच घेऊ," ती म्हणाली. "मावशी, दोन्ही खोल्या द्या आम्हाला."

"दोन कशाला?" मी विचारलं. "एक पुरेल की आपल्याला."

"असू दे."

"अगं, पण कुणासाठी?"

"उद्या सांगते, वैजू. आता हातपाय धू."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी पुढं विचारलं नाही. पण डोक्यातून ते जाईना. संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. भरती ओसरत होती. आईनं चपला हातात घेतल्या, साडी घोट्यापर्यंत उचलली आणि पाण्याच्या कडेकडेनं कितीतरी लांब चालत गेली. मी वाळूत बसून तिच्याकडे बघत राहिले. तिला काही आजार तर झाला नसेल? तो सांगायला तिनं मला इथवर आणलं नसेल? दवाखान्यात जन्म गेलेली बाई. स्वतःचं दुखणं घरात, चार भिंतींत सांगणार नाही, हे मला पटण्यासारखं होतं. परत आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. तो थकलेला नव्हता. उलट परीक्षेला बसण्याआधी एखाद्या मुलीचा असावा तसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कधी न नेसलेली निळी साडी नेसली.

"स्टँडवर जाऊन येऊ," म्हणाली.

"कोण येतंय?"

"चल तर."

दुपार व्हायच्या सुमाराला चिपळूणची गाडी आली. माणसं उतरली. सगळ्यात शेवटी एक गृहस्थ उतरले. पांढरा शर्ट, करडी पँट, हातात कापडी पिशवी, केस पांढरे आणि नीट विंचरलेले. त्यांनी आधी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तिथंच थांबले.

"नमस्कार," ते म्हणाले. "प्रवास ठीक झाला ना तुमचा?"

त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण तो आवाज मी हजारदा ऐकला होता. कॉलेजला जायला मी कराडच्या स्टँडवर उभी असायचे, तेव्हा कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते कर्ण्यावरून सांगणारा आवाज हाच.

"हे शेटे," आई म्हणाली. "विश्वनाथ शेटे. आपल्या स्टँडवर कंट्रोलर होते. आणि ही वैजयंती."

एवढंच. तिची नजर रस्त्यावर, शेट्यांची पिशवीवर. दोन खोल्या कशासाठी होत्या ते मला कळलं. आजार नव्हता याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण दुसऱ्याही कितीतरी गोष्टी एकाच वेळी झाल्या.

"चला," मी म्हणाले. "ऊन फार आहे."

घरी आल्यावर मावशींनी स्वयंपाकघरातून हाक दिली, "मासे कोण कोण खाणार? बांगडा ताजा मिळालाय."

माझे बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. त्या दिवसापासून आईनं मासे-मटण सोडलं होतं. आजीनं सांगितलं म्हणून सोडलं की स्वतःहून, हे मी कधी विचारलं नाही. तिला मासे अतिशय आवडायचे. सोडल्यावरही दर रविवारी ती माझ्यासाठी आणि प्रमोददादासाठी कालवण करायची, आम्हाला वाढायची आणि स्वतः चुलीशी बसून वरणभात खायची. आमचं जेवण झाल्यावर भांडी घासायच्या आधी खिडकी उघडून ठेवायची. ते इतकं नेहमीचं झालं होतं की मला त्यात काही वेगळं दिसतच नव्हतं.

"वैजू खाते," आई म्हणाली. मी पाहुण्यांकडं पाहिलं.

"मी माळकरी नाही, पण शाकाहारी आहे," शेटे म्हणाले. "घरात कधी नव्हतंच. मला काहीही चालेल. डाळभात असला तरी पुरे."

"काळ्या वाटाण्यांची उसळ केलीय," मावशी म्हणाल्या. "म्हणजे बांगडा एकटीलाच?"

आई टेबलाशी पेले मांडत होती. हातातला पेला तिनं खाली ठेवला.

"मलापण वाढा," ती म्हणाली.

मी तिच्याकडं पाहत राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मावशींना यातलं काहीच ठाऊक नसल्यामुळं त्यांनी सहज तिच्या ताटात कालवण वाढलं आणि त्याही येऊन बाकावर टेकल्या. आम्ही चौघं बसलो. आई आणि शेटे एका बाजूला, मी आणि मावशी समोर. आईनं तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. थोडा वेळ ती तशीच बसली. मग बांगडा उघडून मधला काटा अलगद वेगळा केला. हाताला जराही विसर पडलेला नव्हता.

"झेपतंय ना?" शेट्यांनी हळूच विचारलं.

"तिखट आहे," आई म्हणाली, आणि हसली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिखटानंच आलं असावं असं आम्ही सगळेच धरून चाललो.

"वासाचा त्रास नाही ना होत तुम्हाला?" मी शेट्यांना विचारलं. त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं सरळ वाक्य.

"सवय नाही," ते म्हणाले. "होईल."

मग मावशींनी त्यांना विचारलं की एवढी वर्षं स्टँडवर काढली, कधी चुकीची गाडी पुकारलीत का. ते म्हणाले, "एकदा. ज्या दिवशी मुलगी झाली. पुण्याच्या गाडीला पणजी म्हणालो. निम्मी माणसं उतरायला लागली." ते हसत नव्हते, पण मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि शेट्यांनी उठून पाणी दिलं. मग ताकही त्यांनीच सगळ्यांना वाढलं. ऊन वाडीत सरकत गेलं, हात सुकले, तरी कुणी उठलं नाही.

दुपारी आई मावशींबरोबर मागं आवरत होती, तेव्हा शेटे मला म्हणाले, "जरा समुद्राकडं जाऊन येऊ या का?"

सुरूच्या बनातून आम्ही चालत गेलो. पायाखाली वाळलेल्या काड्यांचा मऊ थर होता. मग ते थांबले.

"मी संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ शकतो," ते म्हणाले. "तुमच्या आईला तसं आधीच सांगितलंय. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी थांबणार नाही. त्याचा राग मानणार नाही. तुमचा हक्कच आहे तो."

"तुमच्या घरी माहीत आहे?"

"मुलगी बेळगावला असते. तिला सांगितलं. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. ती म्हणाली, तुमच्या हातची खिचडी खाऊन तुम्हीच कंटाळला असाल, बाबा."

"आणि तुमचं काय म्हणणं आहे?"

त्यांनी विचार केला. कर्ण्यावर जो आवाज कधी अडखळला नव्हता, तो आता शब्द शोधत होता.

"आम्ही रोज सकाळी नदीच्या घाटावर फिरायला जातो. तिथंच ओळख झाली. तासभर बोलतो. काय वाटेल ते बोलतो. मग ऊन चढतं. त्या त्यांच्या घरी जातात, मी माझ्या घरी जातो. आणि दोघंही आपापल्या घरी एकेकटे जेवतो." ते थोडं थांबले. "ते काही बरं वाटत नाही."

समोर समुद्र होता. दोन मच्छीमार जाळं ओढत होते. मी त्यांच्याकडं बघत राहिले. मला बाबांची आठवण आली. ते या माणसासारखे मुळीच नव्हते. मोठ्यानं बोलायचे, मोठ्यानं हसायचे, जेवताना आईला चिडवायचे. मी मनात त्यांना शेजारी उभं करून पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला त्यांची बाजू घेऊन भांडावंसं वाटत नव्हतं. फक्त ते नाहीत, याचं दुःख नव्यानं होत होतं. त्याचा या माणसाशी काही संबंध नव्हता.

"आईला तुम्ही काय म्हणता? म्हणजे हाक कशी मारता?"

ते लाजले. त्या वयाचा पुरुष लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अजून सिस्टरच म्हणतो. दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही."

मला हसू आलं, आणि मग त्यांनाही.

"संध्याकाळच्या गाडीनं जाऊ नका," मी म्हणाले. "मावशींनी तुमच्यासाठी घावन करायचं म्हटलंय."

अंधार पडायच्या आधी मी आणि आई पडवीच्या पायरीवर बसलो होतो. शेटे वाडीत मावशींना नारळ वेचू लागत होते.

"मी परवानगी मागत नाहीये, वैजू," आई म्हणाली. "तसं वाटून घेऊ नकोस. मला फक्त तुझी आणि त्यांची ओळख करून द्यायची होती."

"मग घरीच बोलवायचंस की. एवढा खटाटोप कशाला?"

"घरी बोलावलं असतं तर काय झालं असतं? तू चहा दिला असतास आणि आत गेली असतीस. समोरच्या कदमबाई खिडकीत आल्या असत्या. भिंतीवर तुझ्या बाबांचा फोटो. मी आई, तू मुलगी, ते परके. इथं आपण तिघंही पाहुणे आहोत." ती जरा थांबली. "मला अशी जागा हवी होती, जिथं तुला त्यांच्यासमोर बसून सावकाश जेवता येईल. माणूस कसा आहे ते मी सांगून तुला कळलं नसतं."

मला आता उलगडा झाला. कालचं सगळं उन्हातलं हिंडणं, ते हॉटेल, ती पंगत, बाकावर इकडून तिकडे बसून बघणं. ती स्वतःसाठी जागा बघतच नव्हती. मी कुठं बसेन ते बघत होती.

"आणि मासे?" मी विचारलं.

"ते माझ्यासाठी," आई म्हणाली. "त्यात तुमचा कुणाचा काही संबंध नाही."

आमचा बेत आणखी एक दिवस राहायचा होता. मी रात्रीच ठरवलं आणि सकाळी उठल्याबरोबर बॅग भरली. आई गडबडली.

"अगं, आजचा दिवस आहे ना आपला?"

"तुमचा आहे. मला लॅबमध्ये काम आहे."

"काही काम नाहीये तुला."

"नाहीये," मी म्हणाले. "तरी जाते. तुम्ही दोघं राहा. एक खोली तुझी, एक त्यांची. इथं ना कदमबाई, ना कुणाची खिडकी."

ती पदराचं टोक चाळवत उभी राहिली. मग तिनं मला जवळ ओढलं आणि माझ्या केसांवर हनुवटी टेकली. आम्हा दोघींना तशी सवय नव्हती. थोडा वेळ काय करावं ते सुचलं नाही, म्हणून तशाच उभ्या राहिलो.

आज ते दोघं एकाच घरात राहतात. लग्न कचेरीत झालं, गाजावाजा न करता. बेळगावची मुलगी आली होती, तिनं आईसाठी इरकल साडी आणली होती. दोन स्वयंपाक होतात की एक, असं विचारलं तर आई म्हणते की भांडी वेगळी, ताटं शेजारी शेजारी. कुरबुरी होतात. शेटेकाकांना सगळं वेळेवर लागतं आणि आई निवृत्तीनंतर घड्याळ बघायचं विसरली आहे. पण हे पुढचं. त्या सकाळी गाडीत बसले तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बरोबर केलं की नाही, तेही माहीत नव्हतं.

चिपळूणला गाडी बदलताना पुण्याहून दादाचा फोन आला.

"अगं, आईचा फोन लागत नाहीये. कुठं आहात तुम्ही?"

"मी चिपळूणला आहे. आई गुहागरलाच आहे."

"तिला एकटीला सोडून आलीस?"

"नाही," मी म्हणाले. "एकटी नाहीये ती."

मग त्यानं विचारलं, कोण आहे. मी सांगितलं. सगळं सांगितलं, आवाज, उसळ, सुरूचं बन, बांगडा. मी थांबल्यावर तो म्हणाला, "मला मीटिंग आहे," आणि फोन ठेवून दिला.

घाटात रेंज नव्हती. मी खिडकीला डोकं टेकून बसले. दादा चिडला असेल, आईला फोन करून नको ते बोलेल, आणि ती तिकडं त्या टेबलाशी बसून ऐकून घेईल, असं सारखं डोळ्यांसमोर येत होतं. कोयनानगर मागं पडलं. पाटणच्या अलीकडं फोन वाजला.

"तू त्यांच्याबरोबर जेवलीस?" दादानं विचारलं.

"हो."

"कसे आहेत?"

"तू जेवून बघ."

त्याच्या मागं रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते. मीटिंगबिटिंग काही नव्हती, तो बाहेरच कुठंतरी उभा होता.

"रविवारी येतो मी कराडला," शेवटी तो म्हणाला. "आईला सांग, त्यांनाही बोलव म्हणावं. बाहेर कुठं नको. घरीच."